पाहुण्यांच्या बाजूला

सातपूरला आमच्या कंपनीची कॉलनी होती आणि कॉलनीच्या मधोमध सिमेंटचं बास्केटबॉलचं मैदान. कंपनीचा स्वतःचा संघ होता. उंच पोरं हुडकून आणायची, त्यांना कागदोपत्री हेल्पर म्हणून घ्यायचं आणि दुपारनंतर खेळायला सोडायचं, अशी तेव्हा पद्धत होती. मी टाइम ऑफिसला कारकून आणि सामना असला की स्कोअरर, म्हणजे कोणी किती गुण केले ते लिहिणारा. त्या टेबलावर बसलं की दोन्ही बाजूंच्या पायऱ्या समोर दिसतात. खेळातलं मला फारसं कळत नव्हतं, आजही कळत नाही. पण कोणत्या संघामागे किती माणूस येतो आणि का येतो, याचा माझ्याइतका अभ्यास नाशकात दुसऱ्या कोणी केला नसेल.

देवळाली कॅम्पहून लष्कराचा संघ यायचा तो ट्रक भरून जवान घेऊनच. ते एका तालात टाळ्या वाजवायचे आणि हवालदाराने हात खाली केला की एकदम गप्प. बँकेच्या संघाचे पाठीराखे कामावरून थेट यायचे, रिकामा डबा मांडीवर घेऊन बसायचे आणि आपला संघ हरायला लागला की खिशातून स्कूटरच्या किल्ल्या काढायचे. पोलिसांच्या संघाला टाळ्या भरपूर, पण त्यातल्या मनापासून किती आणि बघून घेतील म्हणून किती, ते सांगणं अवघड. एकदा मुंबईहून नागपाड्याचा संघ आला होता. त्यांची पोरं म्हणाली, आमच्याकडे लोक गच्चीवर आणि खिडक्यांत बसून सामने बघतात. मी म्हटलं, आमच्याकडे बसायला चांगल्या पायऱ्या आहेत, फक्त बसणारे नाहीत.

ते खोटं नव्हतं. पहिली पाळी सुटली की चारदोन लोक सायकलवर एक पाय टेकवून उभे राहायचे. टीव्हीवर क्रिकेट असलं तर तेही नाहीत. घरच्या बाजूच्या पायऱ्यांवर शेवटची शिट्टी वाजेपर्यंत बसणारं माणूस एकच, वत्सलाबाई पिंगळे.

वत्सलाबाई आमच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायच्या. नवरा आमच्याच भट्टी खात्यात होता, तो काविळीने गेला आणि त्याच्या जागी कंपनीने बाईंना घेतलं. मुलगा दिनेश तेव्हा सातवीत. माहेरचं कोणी उरलं नव्हतं. सासरचे पळशाला होते, ते अंत्यविधीला आले आणि पुन्हा फिरकले नाहीत. कॉलनीतल्या बायका बाईंना हळदीकुंकवाला बोलवत नसत आणि बाईही आपणहून कोणाच्या दारात जाऊन बसत नसत. ताठ बाई. ताप आला तरी पलीकडच्या घराला कळू द्यायची नाही. पलीकडचं घर माझं होतं, म्हणून मला ठाऊक.

दिनेश शाळेतून आला की दप्तर टाकून मैदानावर. बाई त्याला जेवायला हाक मारायला यायच्या आणि हाक न मारता पायरीवर बसून राहायच्या. तशी त्यांना खेळाची गोडी लागली. पोरगा उंच निघाला आणि बारावीनंतर आमच्याच संघात आला. मग त्या पायरीवरून असा आवाज यायचा की पंच दचकायचा. "मार, दिनेश! बघतोस काय, मार!" घरात चार शब्द जेमतेम बोलणारी बाई तिथे घसा बसेपर्यंत ओरडायची. मी वैतागायचो, कारण माझं टेबल त्यांच्या अगदी पुढ्यात होतं.

पंचाण्णव साली ओरिसातल्या एका मोठ्या पोलाद कारखान्याच्या संघाने दिनेशला उचललं आणि तो गेला. आता बाई मैदानाकडे फिरकायच्या नाहीत असं मला वाटलं होतं. दुसऱ्याच संध्याकाळी त्या पायरीवर होत्या. त्या दिवशी सामनाही नव्हता, पोरं नुसता सराव करत होती.

"आता कोणासाठी बसलात?" मी विचारलं.

"घरी बसून तरी काय करू, भाऊ?"

मी पुन्हा तो विषय काढला नाही. त्या मात्र रोज येत राहिल्या. आता ओरडायच्या नाहीत, पदर खांद्यावर घट्ट ओढून नुसत्या बसायच्या. कॉलनीचं एक काळं कुत्रं त्यांच्या पायाशी येऊन झोपायचं. अंधार पडला, पोरं घरी गेली, तरी बाई थोडा वेळ तिथेच असायच्या. मला त्यांची दया यायची आणि दया आली की मला राग येतो, असा माझा स्वभाव आहे.

दर रविवारी सकाळी त्या कॉलनीच्या फाटकाजवळच्या पीसीओवरून दिनेशला फोन करायच्या. सत्त्याण्णव साल संपता संपता त्याने दोन गोष्टी सांगितल्या. एक, जानेवारीत आमच्या मैदानावर निमंत्रितांची स्पर्धा होती, तिला त्याचा संघ येणार होता. दुसरी, कारखाना त्याला तिकडे कायमचं क्वार्टर आणि बढती देत होता, पण त्यासाठी लांबच्या मुदतीच्या करारावर सही करावी लागणार होती. एकदा सही केली की नाशिकला परतणं संपलं. आमच्या कंपनीचे स्पोर्ट्स ऑफिसरही त्याला परत घ्यायला तयार होते. दिनेश म्हणाला, नाशिकचा सामना झाला की काय ते ठरवतो. आणि शेवटी हसत हसत म्हणाला, "आई, इथे सामन्याला पाच हजार माणूस असतो. तिकडे अजून तूच आणि ते काळं कुत्रं का?"

पोरगा थट्टेत बोलून गेला. बाईंनी ते मनाला लावून घेतलं.

"भाऊ," संध्याकाळी त्या मला म्हणाल्या, "पोराला गर्दीची सवय झाली. इथलं ओसाड मैदान बघून तो कशाला परत येईल?"

"अहो बाई, सरळ सांगा ना त्याला. मला एकटीला करमत नाही, ये म्हणावं."

"मी बोलावलं तर येईल तो. पण उद्या काही बिनसलं की आईने बोलावलं म्हणून आलो, असं मनात राहील. त्याला इथलं आवडू दे आणि मग येऊ दे."

मी कपाळाला हात लावला.

कॉलनीच्या भिंतीला लागून तेव्हा एका इमारतीचं काम चाललं होतं. कामावर सुरगाण्याकडची माणसं होती. भात आणि नागली घरात आली की ती दरवर्षी नाशिकला उतरायची, कोणी बांधकामावर, कोणी मखमलाबादकडच्या द्राक्षबागांत, आणि शिमग्याला आपापल्या पाड्यावर परतायची. साइटवर प्यायला पाणी नव्हतं. लहानू आणि त्याची बायको कुसाबाई वत्सलाबाईंच्या नळावरून हंडे भरून न्यायचे. कॉलनीतल्या लोकांनी कुरकुर केली, बाईंनी कान दिला नाही. मग कुसाबाई दुपारी बाईंच्या ओट्यावर टेकायला लागली. ती नागलीची भाकरी आणायची, बाई चहा करायच्या. दोघी बोलायच्या फार कमी, पण त्या ओट्यावर दोन बायका बसलेल्या मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाहत होतो.

बाईंनी लहानूला गाठलं तेव्हा मी कुंपणाशीच होतो.

"लहानूदादा, रविवारी तुमची माणसं मैदानावर आणाल का? ओरडायचं आहे."

"वरडाचा? कशाला?"

"खेळ आहे. जाळीत बॉल पडला की ओरडायचं. खेळणाऱ्यांच्या मागे माणूस दिसलं पाहिजे."

लहानू खो खो हसला. "वरडाया काय लागतं, बाई? बागेतली मानसं बी आनतो."

शनिवारी दिनेशचा संघ आला आणि कंपनीच्या गेस्ट हाउसमध्ये उतरला. दिनेश जेवायला घरी आला. अंगाने भरला होता, बोलण्यात हिंदी घुसली होती. बाईंनी त्याच्यासाठी मांडे केले. मलाही बोलावलं होतं. जेवताना तो घराकडे बघत होता, भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे, एकाच कपबशीच्या मांडणीकडे. निघताना बाई म्हणाल्या, "उद्या बघ." एवढंच.

रविवारी दुपारी फाटकातून माणसं यायला लागली. आधी साइटवरची, मग द्राक्षबागांतून टेम्पो भरून आलेली. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेल्या बायका, पाठीला बांधलेली तान्ही पोरं, ढोल, आणि भोपळ्याला लांब कर्णा लावलेली एक पावरी. घरच्या बाजूच्या सगळ्या पायऱ्या भरल्या. माणसं कठड्यावर बसली, जमिनीवर बसली. स्पोर्ट्स ऑफिसर खुर्चीतून उठून उभेच राहिले. "गायधनी, ही कोणाची माणसं?" त्यांनी मला विचारलं. "आपली, साहेब," मी म्हटलं, आणि का कोण जाणे, माझी छाती फुगली. गर्दीच्या मधोमध बाई बसल्या होत्या. इस्त्रीची साडी, केसांत अबोलीचा गजरा. त्या लाल झाल्या होत्या.

आमची पोरं निळ्या बनियनमध्ये आली. पायऱ्यांवरून असा गलका उठला की आमचा कप्तान बावचळला आणि मागे वळून बघायला लागला. मग लाल बनियनवाले पाहुणे आले. त्यांच्या बाजूच्या पायऱ्या मोकळ्या होत्या, एक माळी तेवढा पाइप गुंडाळत होता. गलका थांबला.

लहानूने बाईंना विचारलं, "यांची मानसं कुठं हायेत?"

"त्यांची नाहीत. लांबून आलेत ते."

"कोनीच नाय?"

"कोणी नाही."

लहानू मागे वळून काहीतरी बोलला. कुसाबाई उठली. तिच्या मागे दुसऱ्या बायका उठल्या, पोरं काखेत मारून, ढोल उचलून सगळा जमाव निघाला आणि मैदानाला वळसा घालून समोरच्या पायऱ्यांवर जाऊन बसायला लागला. मला आधी कळेचना काय चाललंय. बाई धावत मागे गेल्या.

"अहो दादा, इकडे! आपला संघ इकडे आहे!"

"आपली पोरं तं घरातच हायेत, बाई," लहानू म्हणाला. त्याचा आवाज माझ्या टेबलापर्यंत येत होता. "आमचे गावात दुसरे गावची मानसं खेळाया आली, तं आमी तेंचेकडं बसतो. तेंचं गाव लांब राहिलं ना. तेंला कोन आवाज देल?"

"अहो, पण मी तुम्हाला आपल्यासाठी बोलावलं होतं!"

"पाव्हना एकटा कसा ठेवाचा?" कुसाबाई म्हणाली. तिला बाईंचं म्हणणंच उमगत नव्हतं.

बाई तिथेच उभ्या राहिल्या, धड इकडे नाही, धड तिकडे नाही. मी टेबलावरून ओरडलो, "अरे ए, या की परत!" पंचाने मला दटावलं. तेवढ्यात दिनेशने आईला पाहिलं आणि हात वर केला. कुसाबाईने विचारलं, "तो कोन?"

"तो... सात नंबरवाला. माझा मुलगा."

मग काय विचारता! ही बातमी पायऱ्यांवरून वणव्यासारखी वर गेली. ढोल वाजायला लागला, पावरी घुमायला लागली. सात नंबरच्या हातात चेंडू आला की बायका उभ्या राहून हाका मारायच्या. आमच्या मागे पायऱ्या रिकाम्या, तेच काळं कुत्रं पसरलेलं. असा सामना मी पाहिला नाही. घरच्या मैदानावर आमची पोरं परकी झाली आणि ओरिसाहून आलेल्यांचं घर झालं. दिनेश तर अंगात आल्यासारखा खेळला. अखेर बाईही त्या गर्दीत जाऊन बसल्या आणि दुसऱ्या अर्ध्यात मला तो जुना आवाज ऐकू आला. "मार, दिनेश!" आम्ही सडकून हरलो.

सामना संपल्यावर त्या माणसांनी दिनेशला उचलून घेतलं. कुसाबाईने फडक्यातली नागलीची भाकरी त्याच्या हातात ठेवली आणि त्याच्या गालांवरून बोटं फिरवून कानशिलांवर मोडली. म्हाताऱ्या बायका बाईंचे हात धरून उभ्या होत्या. दिनेश हे सगळं बघत होता, पुन्हा पुन्हा आईकडे बघत होता. त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, जमलं. उलटंसुलटं का होईना, बाईंचं काम झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या संघाची हावड्याकडे जाणारी गाडी होती. मी बाईंना घेऊन नाशिकरोड स्टेशनवर गेलो. बाकीची पोरं डब्यात चढली. दिनेश फलाटावर आईपाशी उभा राहिला.

"आई, खरं सांगू? मी इकडे परत यायचं ठरवूनच आलो होतो."

बाईंचा चेहरा उजळला. मी तो स्वतः पाहिला.

"मला इथली नोकरी नको होती, गर्दी नको होती, काही नको होतं. तू एकटी आहेस, एवढं एकच मला खायचं. परवा जेवताना ती एकच कपबशी बघितली आणि ठरवलं, बस, यायचंच. पण काल बघितलं ना मी. केवढी माणसं जोडलीस गं तू! तुझ्या मुलासाठी कोण कुठली माणसं जीव तोडून ओरडत होती. मी उगाच काळजी करत होतो. आता निर्धास्त सही करतो."

मला राहवेना. "अरे दिनेश, ती माणसं काय इथे..."

"भाऊ," बाई म्हणाल्या, "याच्यासाठी पाण्याची बाटली आणता का?"

"अहो, पण..."

"आणा ना. गाडी सुटेल."

त्या माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही, विनवून. त्या बाईने जन्मात मला कधी काही मागितलं नव्हतं. मी पाय आपटत बाटली आणायला गेलो. परत आलो तेव्हा दिनेश दारात उभा होता आणि बाई वर बघून त्याला सांगत होत्या, "आहेत की माणसं. तू तिकडे सुखाने राहा." गाडी हलली. बाटली माझ्या हातातच राहिली.

रिक्षात मी त्यांना नको नको ते बोललो. एक वाक्य बोलायचं होतं, म्हटलं, एक वाक्य! ती माणसं शिमग्याला निघून जाणार आहेत, एवढंच! बाई बाहेर बघत होत्या. द्वारका गेल्यावर म्हणाल्या, "तो इतका हलका होऊन चालला होता, भाऊ. माझ्याने बोलवेना." मग त्या रडल्या. पदर तोंडात कोंबून, सातपूर येईपर्यंत.

शिमग्याला लहानू आणि कुसाबाई गेले. पुढच्या वर्षी इमारत पूर्ण झाली होती, त्यांचं तिथे काम उरलं नव्हतं. कोणी म्हणालं ते आता गुजरातेत वापीकडे जातात. ओट्यावर पुन्हा बाई एकट्या दिसायला लागल्या.

ते गेले त्याच शिमग्यानंतर बँकेच्या एका संघाशी आमचा सामना होता. संघ बाहेरगावचा, सोबत एकही माणूस नाही. मी टेबल मांडलं आणि घरच्या पायऱ्यांकडे पाहिलं तर बाई नव्हत्या. शिट्टी वाजली आणि समोरून आवाज आला. पाहुण्यांच्या बाजूच्या रिकाम्या पायऱ्यांवर, अगदी मधोमध, बाई बसल्या होत्या आणि नावं माहीत नसलेल्या पोरांना त्यांच्या बनियनच्या नंबरांनी हाका मारत होत्या. "मार, नऊ नंबर! बघतोस काय!"

तेव्हापासून हेच. आमच्या पोरांना आधी राग यायचा, नंतर सवय झाली. देवळालीचे जवान ट्रक भरून आले की बाई घरी असायच्या. ज्यांच्यामागे कोणी नाही त्यांच्याच सामन्याला त्या यायच्या. एकदा मी विचारलं, हे काय आरंभलंय तुम्ही? त्या म्हणाल्या, "दिनेशचा संघही बाहेरगावी जात असेल ना. तिकडे त्याला कोण आवाज देत असेल?"

दिनेशने तिकडेच लग्न केलं. एकाआड एक दिवाळीला चार दिवस यायचा. रविवारच्या फोनवर न चुकता विचारायचा, कुसाबाई कशा आहेत, लहानूदादा कसे आहेत. पीसीओत माझा नंबर बाईंच्या मागे असायचा, त्यामुळे उत्तर मला पाठ होतं. "बरे आहेत. येऊन बसतात ओट्यावर."

दोन हजार तीनमध्ये कंपनीने संघ बंद केला. कोणी बघायला येत नाही, मग खर्च कशाला, असं साहेबांचं म्हणणं. शेवटचा सामना नांदेडच्या संघाशी झाला आणि तो त्यांनी जिंकला. आमच्या बाजूला दोन सायकली, त्यांच्या बाजूला बाई. त्यांचा कप्तान घाम पुसत पायऱ्या चढून बाईंजवळ गेला आणि वाकून पाया पडला.

"मावशी, आमच्यातलं कोण आहे तुमचं?"

"कोणी नाही रे," बाई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी फोनवर दिनेशने त्या शेवटच्या सामन्याबद्दल विचारलं असणार, कारण बाई एकदम मोठ्याने बोलायला लागल्या. मी काचेबाहेर उभा होतो. "अरे, गर्दी म्हणजे किती! बसायला जागा नव्हती. हो, सगळे आले होते. कुसाबाईपण." मग त्यांनी फोन ठेवला, पैसे दिले आणि माझ्याकडे न बघता घराकडे चालायला लागल्या.